सोलापूरहून घारापुरी: बेटावरचा डोंगर एका दिवसात कसा चढायचा

सिद्धेश्वर तलावाभोवती रोज सकाळी फिरणाऱ्या आमच्या बायकांच्या गटाने पहिल्यांदा घारापुरीला जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या हिशेबात फक्त लेणी होती. लेण्यांच्या वर डोंगर आहे, माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या दोन मोठ्या तोफा आहेत आणि तिथून अख्खं मुंबई बंदर पायाशी दिसतं, हे तिथे गेल्यावर कळलं. कळलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, पाणी संपलं होतं आणि परतीच्या बोटीची घाई होती. डोंगर राहून गेला. त्यानंतर मी तीनदा जाऊन आले आणि दर वेळी माथ्यापर्यंत पोहोचले. सोलापूरच्या माणसाला ही सहल नीट आखता यावी म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी थोडी ओळख. घारापुरी म्हणजेच एलिफंटा. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातलं हे बेट गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सुमारे तासाभरावर आहे. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही बेटावरची तीन गावं. लेणी १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बेटावर दोन डोंगर, मध्ये खिंड. सर्वांत उंच जागा समुद्रापासून १७३ मीटर.

हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, एवढंच? आपलं सोलापूर शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे घारापुरीचा माथा आपल्या सिद्धेश्वराच्या देवळापेक्षाही खालीच. पण तिथे चढ अगदी पाण्याच्या काठापासून सुरू होतो आणि हवा दमट असते. या दमट हवेला आपण सोलापूरकर हमखास फसतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

१. दिवस ठरवा: सोमवार नको, रविवारही नको

लेणी सोमवारी बंद असतात. म्हणून रविवारी रात्री सोलापूरहून निघू नका. सुट्टी संपवून निघणाऱ्यांच्या हातून ही चूक सहज होते, कारण तिकीट काढताना डोळ्यांसमोर रविवार असतो आणि पोहोचतो मात्र सोमवारी.

शनिवार-रविवारी बोटीच्या रांगेतच तास जातो. मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस घ्या. मी मंगळवारी रात्री निघून बुधवारी चढते.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घर सोडवत नाही, तेवढे दिवस वगळा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात आणि वाटेवरचे दगड शेवाळतात. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून गेटवेवर पोहोचायचं आणि बोट बंद असल्याचं कळायचं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पहिली खेप तरी पावसाळ्यात करू नका. मार्चनंतर दुपारचा चढ फार त्रास देतो.

२. गाडी: जाताना रात्रीची, येतानाही रात्रीचीच

मुंबईपर्यंतचं अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापूरहून निघते आणि सकाळी सातच्या आत-बाहेर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. आपल्याला हीच गाडी हवी. वंदे भारत पहाटे निघाली तरी मुंबईला पोहोचेपर्यंत दुपार होते, मग डोंगर विसरायचा.

परतीलाही सिद्धेश्वरच धरा. संध्याकाळी चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत गाठायचा मोह होतो, कारण रात्री अकराच्या आत घरी पोहोचता येतं. पण त्यासाठी बेटावरून दुपारी दोनच्या आत निघावं लागतं, आणि मग एक तर डोंगर सुटतो नाही तर लेणी. शिवाय समुद्रावरच्या बोटीच्या भरवशावर रेल्वेची वेळ बांधू नका. मध्ये निदान चार तास मोकळे हवेत.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. जाण्या-येण्याची तिकिटं एकाच वेळी काढा. जाताना खालची किंवा मधली बर्थ मिळाली आणि नीट झोप झाली, तर निम्मी सहल तिथेच साधली.

३. सोलापुरात तीन आठवडे तयारी

सपाट रस्त्यावर आपण कितीही चाललो तरी चढाची सवय होत नाही. आमच्या गटातल्या बायका तलावाला रोज तीन फेऱ्या मारतात, तरी पहिल्या खेपेला शंभर पायऱ्यांतच दमल्या. बेटाच्या सर्वोच्च जागेची उंची इमारतीच्या मजल्यांत मोजली तर पन्नासाच्या पुढे जाते. म्हणून जिना चढा. चार मजल्यांची इमारत जवळ असेल तर पहिल्या आठवड्यात दोनदा, दुसऱ्यात चारदा, तिसऱ्यात सहा-सातदा वर-खाली करा. उतरताना गुडघ्यांकडे लक्ष ठेवा, कारण दुखणं उतरताना कळतं. तुळजापूरला दर्शनाला जाणार असाल तर देवळाच्या पायऱ्या सावकाश पण न थांबता चढून बघा.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तीन आठवडे तेच घालून फिरा.

४. घाम आणि पाणी

आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात बाजारहाट करणारी माणसं. मुंबईत तीस-बत्तीस अंश आहेत हे ऐकून आपल्याला थंडच वाटतं. पण आपल्याकडे हवा कोरडी, घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार होतं. बेटावर घाम वाळत नाही. तो नुसता वाहत राहतो, अंग गार होत नाही, आणि पाण्याबरोबर मीठही जातं. आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या काकूंना पायऱ्या संपल्यावर चक्कर आली. ऊन फारसं नव्हतंच, त्यामुळे आधी कुणालाच कळेना की काय झालं. मीठ-साखरेचं पाणी दिल्यावर अर्ध्या तासात बऱ्या झाल्या.

म्हणून माणशी तीन लिटर पाणी धरा. दोन लिटर गेटवेपासून सोबत असू द्या, उरलेलं बेटावर विकत मिळतं. पायऱ्यांच्या वर, डोंगराच्या वाटेवर काही मिळेल असं गृहीत धरू नका. ओआरएसच्या दोन पुड्या प्रत्येकाकडे हव्यात. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट प्या. डोकं जड वाटू लागलं, मळमळलं किंवा पायात गोळे आले, तर तिथेच सावलीत बसा. वर जायचा हट्ट करू नका. बेटावर काही झालं तर मोठा दवाखाना समुद्रापलीकडे आहे.

५. काय काय घ्यायचं

कागदपत्रं: मूळ ओळखपत्र (आधार चालतं), जाण्या-येण्याचं रेल्वे तिकीट, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी. बोटीचं तिकीट जाऊन-येऊन असं एकच मिळतं. ते परत येईपर्यंत जपा, परतीच्या बोटीत मागतात.

रोख पैसे, तेही सुट्टे. ग्रामपंचायतीचा छोटा कर, धक्क्यावरची छोटी रेल्वे, लिंबूपाणी, सगळीकडे दहा-वीसच्या नोटा लागतात.

सामान: पाठीवरची एकच पिशवी, चेन पूर्ण बंद होणारी. टोपी. सोलापुरी टॉवेल, लहान आकाराचा, घाम पुसायला यासारखं दुसरं काही नाही. घामाने भिजलेला बदलायला एक जास्तीचा सदरा किंवा कुर्ता. तळव्याला पकड असलेले बूट, चपला नकोत. क्रेप बँडेज, बोटीवर मळमळू नये म्हणून आवळासुपारी किंवा आल्याची वडी. मोठी पिशवी आणि रात्रीची चादर टर्मिनसवरच्या सामानघरात ठेवा. तिथे कुलूप लावलेली पिशवीच घेतात, म्हणून घरून निघतानाच छोटं कुलूप घ्या.

जेवणाचं आपल्याला सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी दमट हवेत सादळते म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. चटणीवर तेल घ्यायचं असेल तर ते वेगळ्या छोट्या बाटलीत. सोबत कांदा आणि गूळ. शेंगाचटणीत मीठ असतंच, त्यामुळे घामाने गेलेलं थोडं भरूनही निघतं.

ड्रोन नेऊ नका. हा सगळा भाग नौदलाच्या आणि पुरातत्त्व खात्याच्या नजरेखालचा आहे.

६. भरती-ओहोटी घरीच काढा

माळरानावरच्या आपल्यासारख्या माणसांच्या हे डोक्यातच येत नाही. कोकणातले लोक वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच.

बोट ओहोटीलाही धक्क्याला लागते, पण पाणी खाली गेलेलं असलं की बोटीतून पायरीवर पाऊल उंच टाकावं लागतं आणि उघड्या पडलेल्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. गटात वयस्कर माणसं असतील तर उतरायची वेळ भरतीजवळची निवडा. मी आता पौर्णिमा-अमावास्येच्या आगे-मागे जाते. त्या दिवसांत उधाण असतं, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मला त्याचा त्रास झालेला नाही, आणि सकाळी धक्का पाण्याने भरलेला असतो. ओहोटीला धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल आणि कांदळवन दिसतं. चिखलात फोटोसाठी उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

७. टर्मिनस ते गेटवे, गेटवे ते बेट

गाडीतून उतरलात की प्रतीक्षागृहात आवरून घ्या, सामान ठेवा, पोटभर नाश्ता करा. गेटवे अडीच-तीन किलोमीटरवर आहे. बस, टॅक्सी किंवा पायी, काहीही चालेल. साडेआठला गेटवेवर हवेत. तिथे पिशव्यांची तपासणी होते.

पहिली बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते, पुढे साधारण अर्ध्या तासाने. गेटवेहून जाणाऱ्या बोटी दुपारी दोनच्या पुढे मिळतील असं धरू नका. भाडं जाऊन-येऊन अडीचशे-तीनशे रुपये. तिकीट खिडकीवरच काढा. वाटेत कुणी ‘लेणी, जेवण, गाईड सगळं एकत्र’ म्हणून हात धरला तरी थांबू नका.

बोटीत चढल्यावर आधी लाईफ जॅकेट घाला, पट्टे बांधा, लहान मुलांचं स्वतः तपासा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसली आणि माणसं गेली. आपल्याला पोहता येत नाही. तलाव जवळ असूनही आमच्या गटातल्या एकीलाही येत नाही. उकडतं म्हणून जॅकेट मांडीवर ठेवणाऱ्या माणसाला मी हात जोडून सांगते, घाला.

मळमळण्याची सवय असेल तर खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाईलमध्ये नको. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जादा पैसे घेतात. नौदलाच्या जहाजांकडे कॅमेरा धरू नका. वाटेत तेलाच्या टाक्यांचं एक बेट लागतं, ते जवाहर द्वीप. घारापुरी त्यानंतर.

८. आधी डोंगर, मग लेणी

सगळी बोट उतरते आणि थेट लेण्यांकडे जाते. तुम्ही तसं करू नका. साडेदहा ते बारा ही चढायला त्यातल्या त्यात बरी वेळ आहे आणि दुपारी एक ते तीन ही लेण्यांच्या सावलीत बसायची. हा क्रम उलटा झाला की डोंगर राहूनच जातो, आमचा राहिला तसा.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत लांब सरळ रस्ता आहे. छोटी रेल्वे जाते. वयस्करांनी ती घ्यावी, बाकीच्यांनी चालत जावं, पाय मोकळे होतात. मग साधारण १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीचं छत, त्यामुळे ऊन लागत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. दर आधीच ठरवा, आणि तो जाऊन-येऊन आहे की एकाच बाजूचा हे विचारून घ्या. खरेदी उतरताना करा.

पायऱ्या संपल्या की कुणाही दुकानदार मावशीला विचारा, “तोफांकडची वाट कुठली?” कॅनन हिल म्हटलं तरी कळतं. वाट रुंद आहे, फार खडी नाही, दगड-मातीची. आम्हाला थांबत-थांबत चाळीस मिनिटं लागतात. बोलता-बोलता चढता आलं तर वेग बरोबर आहे. बोलताना धाप लागली तर कमी करा.

माकडं. इथे माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीच्या हातातली सरबताची बाटली गेली. माकडाने झाकण फिरवून उघडलं आणि पिऊन टाकली. हातात काहीही धरू नका, प्लास्टिकची पिशवी तर नकोच, तिचा आवाज झाला की ती येतात. चुकून काही हिसकावलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या. खायला घालू नका. चढताना आधाराला म्हणून साधी काठी असली की ती जरा लांब राहतात.

माथ्यावर तोफा आहेत. त्यांच्यावर चढून उड्या मारणारी मुलं दिसतात. आपल्या मुलांना ते करू देऊ नका, कडेला उतार आहे. तोफांच्या आसपास बांधकामाच्या अंधाऱ्या खोल्या आहेत, आत शिरू नका. आता बसा. समोर बंदरातली जहाजं, एका बाजूला न्हावा-शेव्याच्या क्रेन, आणि उत्तरेकडे पाण्यावरून गेलेली रेघ दिसते तो अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, सुमारे २२ किलोमीटर लांब. हिवाळ्यात सकाळी धुरकट असतं, अकरानंतर जरा उघडतं. आमच्या काकू त्या दिवशी वर आल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी आल्या, तोफेला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “एवढं पाणी बघून डोळे भरले गं.” उजनीच्या पाण्याची वाट बघत नळाशी बसणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला ते वाटणारच.

सव्वाबाराला उतरायला लागा. उतरताना पाऊल आडवं टाका, खडी सुटी असते. पूर्वेच्या डोंगराला स्तूप टेकडी म्हणतात, तिथे बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. पहिल्याच खेपेला दोन्ही डोंगर करायचा घाट घालू नका.

९. लेणी

सावलीत भाकरी खाऊन घ्या, मग तिकीट काढा (भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही).

पहिलं लेणं मुख्य. तोंड उत्तरेला असल्याने दुपारीही आत गारवा असतो. उन्हातून आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मग समोरच्या भिंतीतला सदाशिव हळूहळू दिसायला लागतो. तीन मुखं, सुमारे वीस फूट उंच, सहाव्या शतकातलं काम. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर. कैलास उचलणारा रावण, शिवपार्वतीचं लग्न, नटराज, अंधकासुराचा वध हे बाकीच्या भिंतींवर. खालचे भाग बरेच फुटलेले आहेत. बेटाला एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून दिलं, तो आता मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

इथे दीड तास द्या.

१०. परतीची बोट: शेवटची नको

बेटावरून शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास सुटते. तिच्यासाठी थांबू नका. त्या वेळी सगळं बेट धक्क्यावर रांगेत असतं, आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. सकाळी उतरलात की लगेच धक्क्यावर त्या दिवसाच्या परतीच्या वेळा विचारा आणि हातावर लिहून ठेवा. साडेतीनची बोट धरायची तर पावणेतीनला लेण्यातून निघा. पायऱ्या, रस्ता आणि रांग यांत पाऊण तास जातो. कचरा सोबत परत आणा, बेटावर तो टाकायला जागा नाही.

साडेचार-पाचला गेटवे. गाडीला अजून साडेपाच-सहा तास आहेत. टर्मिनसला जाऊन सदरा बदला, पोटभर जेवा, सामानघर बंद होण्याची वेळ सकाळीच विचारून ठेवलेली असू द्या. गाडीत बसल्यावर पाय वर ठेवून पोटऱ्या दहा मिनिटं चोळा आणि अर्धा लिटर पाणी प्या, नाही तर दुसऱ्या दिवशी सोलापूर स्टेशनचा जिनाही चढवत नाही.